पुस्तक भिशीसाठी पुस्तक कसं निवडावं?

आमच्या पुस्तक भिशीची तिसरी बैठक वीस मिनिटांत आटोपली. पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं आणि सगळ्यांना आवडलंही होतं. "छान आहे", "ओघवतं आहे", "शेवटी डोळ्यांत पाणी आलं" एवढं बोलून झालं, आणि मग पोहे येईपर्यंत सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चर्चा रंगली. टाकीवर मात्र प्रत्येकाचं वेगळं मत होतं! दोष पुस्तकाचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. एकट्यानं वाचायला उत्तम असलेलं पुस्तक दहा जणांत बोलायलाही उत्तम असेलच असं नाही. त्यानंतर चुकत चुकत जी पद्धत बसली, ती इथे सांगते.

१. आधी माणसं बघा

गटात कोण आहे आणि कुणाला किती वेळ मिळतो, हे विचारल्याशिवाय यादी करायला बसू नका. हिशोब साधा आहे. महिन्याला एक बैठक असेल तर २४० पानांच्या पुस्तकाची रोज ८ पानं होतात. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा सांभाळून ८ पानं जमतात, १५ जमत नाहीत. जाडजूड कादंबरी घ्यायचीच असेल तर सरळ दोन महिने द्या.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना मराठी वाचायला वेळ लागतो आणि ते कबूल करायला त्यांना संकोच वाटतो. सत्तरीतल्या काकांची अडचण वेगळीच, बारीक टाइपाची. या गोष्टी घोळक्यात विचारल्या तर कुणी बोलत नाही. एकेकट्याला फोनवर विचारा.

२. नावं मागवा, पण वाचलेल्या पुस्तकांचीच

"चांगलं आहे म्हणे" या जातीची पुस्तकं यादीत घ्यायची नाहीत, हा नियम कडक ठेवा. ज्यानं नाव सुचवलं त्यानं ते पूर्ण वाचलेलं असावं आणि त्याबद्दल दोन मिनिटं बोलावं. कथा सांगायची नाही. पुस्तक मिटल्यावर डोक्यात काय घोळत राहिलं, तेवढंच सांगायचं. "मग सांगू काय?" असं म्हणून कुणी अडलं, तर ते पुस्तक तूर्त बाजूला.

पुरस्कारांच्या याद्या जरूर चाळा. साहित्य अकादमीच्या मराठी यादीत सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००४) आहे, कृष्णात खोतांची 'रिंगाण' (२०२३) आहे. २०२० चा पुरस्कार नंदा खरे यांच्या 'उद्या'ला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. नाकारावा की नाकारू नये, यावर आमच्याकडे पुस्तक उघडण्याआधीच अर्धा तास गेला. अशी सुरुवात मिळाली तर सोडू नका.

३. भांडण लागेल का, ते तपासा

माझ्या मते सगळी निवड या एका पायरीवर ठरते. मलपृष्ठावरच्या 'विचारप्रवर्तक' या शब्दावर विसंबू नका, तो हल्ली पाककृतींच्या पुस्तकावरही छापतील. जाडीवर आणि जड भाषेवर तर मुळीच नको. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारा: यातल्या कुठल्या निर्णयावरून आपल्यातली दोन शहाणी माणसं एकमेकांशी भांडतील?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर येतो, शाळा चालवतो, लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. मग त्या तालमीचं काय? मास्तरनं वाडीसाठी काही केलं, की स्वतःच्या समाधानासाठी? आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं आणि बँकेत नोकरी करणाऱ्या तिच्या भाच्यानं यावरून दोन बैठका गाजवल्या. कादंबरी छोटी आहे, भाषा सोपी आहे, एकही पान 'तत्त्वज्ञान' सांगत नाही.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) हीसुद्धा छोटी. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि जर्मन ज्यू हॅर्टा भेटतात. मुंबईला तो उतरतो, ती पुढे जाते. त्यानं काय करायला हवं होतं, हे विचारा आणि गप्प बसा.

सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०) निवडलंत तर एक धोका आधीच सांगते. पहिला पाऊण तास पुलंवरच जातो. आमच्याकडेही गेला. शेवटी एक सदस्या वैतागून म्हणाली, "पुस्तक बाईंनी लिहिलंय, आणि आपण पुन्हा त्यांच्या नवऱ्याबद्दलच बोलतोय." त्यानंतर जी चर्चा झाली, तशी आजवर दुसरी झालेली नाही.

या चाळणीत गळतात ती दोन प्रकारची पुस्तकं. एक, यशाची सूत्रं सांगणारी. पहाटे उठावं, वेळ वाया घालवू नये, याला विरोध कोण करणार? दुसरी, थोरांची भक्तिभावानं लिहिलेली चरित्रं. त्यांच्यावरची बैठक हळूहळू शोकसभेसारखी होते. ही पुस्तकं वाचू नका असं नाही. घरी वाचा.

४. पुस्तक कुणाला बोचेल, याचा विचार करा

बोचणारं पुस्तक टाळा, असं माझं म्हणणं नाही. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) घेतलं तेव्हा आम्ही एक चूक केली. गटातल्या एकमेव दलित सदस्याकडे सगळ्यांनी माना वळवल्या: "तुम्ही सांगा ना, खरंच असं होतं का?" तो वाचक म्हणून आला होता, आम्ही त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. नंतर त्यानंच सुचवलेला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसलेली आहेत. लेखकानं असं का केलं असेल, यावर गटातलं कुणीही बोलू शकतं. जात, धर्म, आजारपण, घटस्फोट, कुठलाही नाजूक विषय असो, सगळ्यांना बोलता येईल असा प्रश्न आधी शोधून ठेवा. सापडला नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर टाका.

५. प्रती मिळतात का?

हे इतकं साधं आहे की सगळे विसरतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती संपली की पुढची कधी येईल याचा नेम नसतो. नाव पक्कं करण्याआधी दुकानात फोन करून "बारा प्रती मिळतील का?" असं विचारा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बहुधा एकच प्रत असते, ती फार तर दोघांना पुरते. एका प्रतीची पानन् पान झेरॉक्स काढून वाटणं बेकायदा आहे, आणि वाचायलाही कंटाळवाणं.

पैशांची अडचण असेल तर जुन्याकडे वळा. सर्वसाधारणपणे लेखकाच्या निधनाला ६० वर्षं उलटली की आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. महात्मा फुले, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचं लेखन असं मोकळं आहे. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) तर अगदी छोटा निबंध. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरच्या गदारोळाला बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेलं ते उत्तर आहे. दोन संध्याकाळी वाचून होतो. भाषा जुनी, पण त्यातला संताप इतका ताजा की आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

६. मतदान नको, चिठ्ठी काढा

बहुमतानं निवडलं की नेहमी सगळ्यांत निरुपद्रवी पुस्तक जिंकतं. आम्ही पैशांच्या भिशीची रीत उचलली. चाळणीतून उरलेली तीन-चार नावं फळ्यावर लिहायची, सदस्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. जिची चिठ्ठी निघेल, तिनं त्या तीन-चारांतलं एक निवडायचं. बाकीच्यांना मिळून एकदाच नकार देता येतो, तोही कारण सांगून. एकदा निघालेली चिठ्ठी सगळ्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा डब्यात जात नाही. त्यामुळे एरवी गप्प बसणाऱ्यांचीही पाळी येते, आणि बरीचशी धीट पुस्तकं त्यांच्याच पाळीला आलेली मी पाहिली आहेत.

७. निवडल्यावर लगेच

ज्यानं पुस्तक निवडलं त्यानं बैठकीच्या आठ दिवस आधी तीन प्रश्न पाठवावेत. 'लेखकाला काय म्हणायचं आहे?' छापाचे नकोत, त्यानं शाळेचा वास येतो. 'अमक्यानं तसं का केलं?' असे हवेत. बैठकीत मात्र त्यानं स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी सांगावं. आणि पुस्तक अर्धंच वाचून झालेल्यांनाही यायला सांगा. कुठल्या पानावर सोडलं आणि का, हे त्यांना सगळ्यांत आधी विचारा. पोहे त्यानंतर.