इस्रोच्या आधी ॲपल वाचा

जळगाव-धुळ्याकडच्या ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, इस्रोत कसं लागायचं?" उत्तर छोटं आहे. शास्त्रज्ञ-अभियंता पदांची जाहिरात येते, बी.ई.ला किमान 65 टक्के लागतात, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. तयारी जरूर करा. पण सॅटेलाइट कम्युनिकेशन खरंच शिकायचं असेल, तर आधी ॲपल या उपग्रहाबद्दल वाचा.

ॲपल हा आपला पहिला दळणवळण उपग्रह, तोही प्रायोगिक. 19 जून 1981 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन या युरोपीय रॉकेटच्या चाचणी-उड्डाणात तो वर गेला. बैलगाडीवरचा त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय आणि बहुतेक जण त्यात गरिबी शोधतात. गाडी लाकडी होती ती कामासाठी: अँटेना तपासताना जवळचा धातू लहरी परावर्तित करतो आणि मोजमाप बिघडतं.

माझ्या मते खरा धडा पुढे आहे. कक्षेत गेल्यावर त्याचं एक सौर पॅनेल उघडलंच नाही. तरी दोन वर्षांहून जास्त काळ त्यावर प्रयोग झाले. एकच ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र) अनेक केंद्रांनी वेळ वाटून कसा वापरायचा, हा त्यातलाच एक. आता कागद घ्या. वीज इतकी तुटली तर तुम्ही काय बंद कराल? मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा) उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त 72 मिनिटं. तेव्हा बॅटरी पुरेल का? असल्या प्रश्नांवर दोन रात्री घालवल्या की क्लासच्या नोट्स फिक्या वाटायला लागतात.

दुसरं, लिंक बजेट, म्हणजे सिग्नल वाटेत किती कमावतो-गमावतो याचा हिशोब, हातानं करा. 6 गिगाहर्ट्झला वर जाणारा सिग्नल साधारण 36,000 किलोमीटरमध्ये सुमारे 199 डेसिबल गमावतो. हा आकडा स्वतः काढता आला पाहिजे. सॉफ्टवेअर नंतर.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर इस्रोबाहेरही बऱ्याच आहेत: टीव्ही चॅनेलांचे टेलीपोर्ट (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारी केंद्रं), थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन, बँकांचं व्हीसॅट (छोट्या डिशचं उपग्रह) नेटवर्क. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात केबल पोचत नाही तिथे व्हीसॅट लावायला माणूस लागतोच. काम अंगमेहनतीचं आहे. मे महिन्यात पत्र्यावर चढून डिश फिरवायची, मग हबला, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य केंद्राला, फोन लावून क्रॉस-पोल जुळवून घ्यायचं: लहरींच्या कंपनाची दिशा (पोलरायझेशन) अशी लावायची की काटकोनातल्या दुसऱ्या सिग्नलमध्ये गळती होणार नाही. घरचे म्हणतील, इंजिनिअर होऊन डिशवाला झाला. म्हणू द्या. पोलरायझेशन हाताला कळलेला माणूस नेटवर्क कंट्रोल रूममध्ये लवकर पोचतो, हे मी पाहिलंय.

शिकायला घरची डिशही चालेल. 83 अंश पूर्वेचा उपग्रह जळगावहून सुमारे 64 अंश उंचीवर, दक्षिणेच्या जरा पूर्वेला येतो. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून गणित करा आणि डिशशी ताडून बघा. ऑफसेट डिश (जिचा रिसीव्हर मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) बरीच उभी दिसेल. ते का, हेही शोधा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी बाराच्या आसपास काही मिनिटं चित्र फाटलं, तर केबलवाल्याला फोन करू नका. सूर्य नेमका उपग्रहामागे आलेला असतो. वेळ लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.