गुणांचा रकाना रिकामा आला तर: प्राध्यापकांना भेटण्याआधीची तयारी

निकालात एखाद्या विषयापुढे गुणच दिसत नसतील, तर प्राध्यापकांच्या दारात जाण्याआधी गुणदुरुस्तीची मुदत कोणत्या दिवशी संपते ते शोधून काढावे आणि मगच ही यादी पुढे वाचावी. मी ते केले नव्हते. माझ्या एका विषयापुढे नुसती आडवी रेघ आली होती. मी कागद जमवले, नीट मजकूर लिहून भेटीची वेळ मागितली, सरांनी गठ्ठा सोडून माझी उत्तरपत्रिका काढून दाखवली, तिच्यावर लाल शाईने ६१ लिहिलेले होते, आणि ते भरायला त्यांनी संगणकावर माझे नाव उघडले तेव्हा गुणांचा रकाना करडा पडलेला होता. सरांनी त्यावर दोनदा टिचकी मारली आणि काही न बोलता पडदा माझ्याकडे वळवला. मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती. कोणी नकार दिला नव्हता, उत्तरपत्रिका हरवली नव्हती, गुणांबद्दल वाद नव्हता. तरीही ते ६१ गुण गुणपत्रिकेवर उमटायला पुढचे सबंध सत्र गेले.

ही तारीख निकालाच्या पानावर सहसा नसते. ती परीक्षा विभागाच्या परिपत्रकात किंवा शैक्षणिक वेळापत्रकात असते, आणि तिथेही सापडली नाही तर परीक्षा विभागात जाऊन विचारावी लागते. विचारताना शब्द नेमके वापरावेत, कारण मी नेमकी इथेच फसले. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची तारीख मला पाठ होती, ती दोन आठवडे लांब होती, म्हणून मी निर्धास्त होते. पुनर्मूल्यांकन हे मिळालेले गुण मान्य नसणाऱ्यांसाठी असते. ज्यांना गुण मिळालेलेच नाहीत त्यांच्यासाठी प्राध्यापकांनी नोंद दुरुस्त करण्याची मुदत वेगळी असते, आणि माझ्या बाबतीत ती आधी संपली. म्हणून ‘अर्जाची शेवटची तारीख कोणती’ असे मोघम विचारू नये. ‘प्राध्यापक स्वतः गुण भरू किंवा बदलू शकतात, ते कोणत्या तारखेपर्यंत?’ असे विचारावे. ही मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात तेही विचारून घ्यावे, कारण निकाल जाहीर झाल्यापासून मोजत असतील, तर तुम्ही तो आठ दिवसांनी पाहिलात याची दखल कोणी घेणार नाही. मिळालेली तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी. पुढचे प्रत्येक काम तिच्यापासून उलटे मोजत करायचे आहे.

आता रकान्यात नक्की काय लिहिले आहे ते वाचावे. हे सांगावे लागते याचेच मला आश्चर्य वाटते, पण बहुतेक जण ‘गुण आले नाहीत’ एवढेच सांगत फिरतात. रिकामा रकाना किंवा रेघ असेल तर बहुधा गुण कोणी भरलेलेच नाहीत, किंवा भरले पण तुमच्या नावापर्यंत पोहोचले नाहीत. शून्य असेल तर ते कोणीतरी भरले आहे, किंवा रिकाम्या जागेचे शून्य करणाऱ्या यंत्रणेने भरले आहे. ‘गैरहजर’ असेल तर मूळ हजेरीपत्रकात आहे, आणि त्या दिवशी तुम्ही सही केली होती का, केली असल्यास स्वतःच्याच नावापुढे केली होती का, हे आठवून पाहावे. ‘अपूर्ण’ असेल तर प्रात्यक्षिक, प्रकल्प किंवा अंतर्गत चाचणी यांपैकी एखाद्या भागाचे गुण अडकलेले असतात. ‘निकाल राखीव’ असेल तर प्राध्यापकांकडे जाऊच नये. बाकी शुल्क, न दिलेला दाखला किंवा चौकशी अशा कारणांनी तो कार्यालयाने रोखलेला असतो, आणि त्यात शिकवणाऱ्याच्या हातात काही नसते. शिकवण्याच्या पोर्टलवर दिसणारे गुण आणि अधिकृत नोंदीतले गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. मूडलसारख्या ठिकाणी शिक्षक गुण ठरावीक तारखेपर्यंत झाकून ठेवू शकतात, त्यामुळे तिथली रेघ पाहून घाबरण्याचे कारण नाही आणि तिथे गुण दिसतात म्हणून निश्चिंत होण्याचेही नाही.

वर्गातल्या चार जणांना विचारावे. सगळ्यांचेच गुण नसतील तर यादी अजून चढलेली नाही, आणि अशा वेळी एकट्याने जाऊन सरांना गाठण्यात अर्थ नाही. वर्गप्रतिनिधीने एकदा विचारले की पुरे. फक्त उशिरा प्रवेश घेतलेल्यांचे, तुकडी बदललेल्यांचे किंवा पुन्हा परीक्षेला बसलेल्यांचे नसतील, तर चूक गुणांत नसून नावांच्या यादीत आहे. तुमचे एकट्याचेच नसतील, तर पुढचे वाचा.

कागदांपैकी ओळखपत्र आणि हॉल तिकीट सगळेच नेतात. त्याखेरीज विषयाचा संकेतांक लागतो, नुसते नाव चालत नाही, कारण जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमात एकाच नावाचे दोन विषय असू शकतात आणि गुण खुशाल दुसऱ्याच संकेतांकाखाली जाऊन बसतात. त्या विषयासाठी नोंदणी केल्याची पावती, तुकडी, परीक्षेची तारीख, सकाळचे की दुपारचे सत्र, बसण्याची खोली, आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक टिपलेला असल्यास तो, हे सगळे एका कागदावर लिहावे. पुरवण्या किती जोडल्या होत्या ते आठवत असेल तर तेही लिहावे. निकालाच्या पानाचे चित्र घेताना नाव, क्रमांक आणि तारीख दिसेल असे पूर्ण पान घ्यावे; नुसत्या रेघेचे कापलेले चित्र कोणाच्याही उपयोगाचे नाही. अंतर्गत गुणांचा प्रश्न असेल तर काम जमा केल्याची पोच किंवा त्या दिवशीचा ईमेल शोधून ठेवावा. आणि याच कागदाच्या डोक्यावर ती तारीख पुन्हा लिहावी, कारण वही घरी राहते.

आपला नोंदणी क्रमांक मात्र अंक मोजून लिहावा, आणि याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे. अनेक प्राध्यापक गुण आधी एक्सेलच्या पत्रकात भरतात आणि मग ते पत्रक अधिकृत यंत्रणेत चढवतात. क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल आणि तो रकाना मजकूर म्हणून ठरवलेला नसेल, तर एक्सेल ती सुरुवातीची शून्ये गाळून टाकते, म्हणजे ००४१७ चे ४१७ होते, आणि चढवताना अशा क्रमांकाचा विद्यार्थीच सापडत नाही. क्रमांक १६ अंकी असेल तर आणखी गंमत होते: एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नेमके सांभाळते आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. ज्याचा शेवटचा अंक मुळातच शून्य आहे त्याचे काही बिघडत नाही, आणि शेजारी बसणाऱ्याचे गुण मात्र नाहीसे होतात. तिसरा प्रकार म्हणजे नावांचा रकाना अकारविल्हे लावताना गुणांचा रकाना सोबत न घेणे. त्यात गुण हरवत नाहीत, दुसऱ्याच्या नावापुढे जातात. यातले काहीही प्राध्यापकांना शिकवण्याच्या सुरात सांगू नये. ‘माझा क्रमांक शून्याने सुरू होतो, त्यामुळे जुळला नसेल का?’ एवढे एक वाक्य पुरते, आणि त्याने शोधाशोधीचा अर्धा तास वाचतो.

मग ईमेल. संस्थेने दिलेल्या पत्त्यावरून पाठवावा, रात्री अकरा वाजता फोनवर निरोप टाकू नये. विषयाच्या ओळीत संकेतांक, तुकडी आणि ‘गुण नोंदलेले नाहीत’ हे तीन शब्द असावेत. मजकूर साधारण असा असावा: ‘महोदय, मी अमुक तुकडीची विद्यार्थिनी असून माझा नोंदणी क्रमांक सोबत दिला आहे. अमुक तारखेच्या लेखी परीक्षेस मी उपस्थित होते. जाहीर निकालात या विषयापुढे गुणांऐवजी रेघ दिसते. इतर विषयांचे गुण दिसतात. आपल्या नोंदीत माझे गुण आहेत का, हे कृपया पाहावे. परीक्षा विभागाच्या माहितीनुसार गुणदुरुस्तीची मुदत अमुक तारखेस संपते, म्हणून त्याआधी भेटीची वेळ मिळाल्यास आभारी होईन.’ यातले शेवटचे वाक्य गाळू नये. माझ्या ईमेलमध्ये बाकी सारे होते, अगदी नमस्कारापासून आभारापर्यंत, आणि तेवढे वाक्य नव्हते. सरांनी ‘पुढच्या बुधवारी या’ असे उत्तर दिले, मी खूश होऊन बुधवारी गेले, आणि मधल्या शुक्रवारी मुदत संपली. तारीख लिहिली असती तर त्यांनी मला त्याच आठवड्यात बोलावले असते. तसे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. प्राध्यापकांना ती तारीख माहीत असेलच असे समजू नये. त्यांच्यापुढे दोन-तीन वर्ग असतात आणि प्रत्येकाचे परिपत्रक वेगळे.

पहिल्याच ईमेलमध्ये विभागप्रमुख आणि प्राचार्य यांना प्रत पाठवू नये. ज्याने अजून नकार दिलेला नाही त्याच्याविरुद्ध तक्रार केल्यासारखे ते दिसते. दोन कामाचे दिवस उत्तराची वाट पाहावी, मग तोच ईमेल पुढे पाठवून आठवण करावी. मुदतीला तीन दिवसही उरले नसतील तर वाट पाहण्याचा शिष्टाचार सोडून थेट भेटीच्या वेळेत जाऊन उभे राहावे.

भेटीत आपण गुण मागायला आलेलो नाही, नोंद शोधायला आलो आहोत, हे आपल्याच मनाशी पक्के असावे. ‘मला पेपर चांगला गेला होता’, ‘निदान पासापुरते तरी द्या’, ‘माझी शिष्यवृत्ती अडली आहे’ ही तिन्ही वाक्ये नुकसान करतात, कारण ती उच्चारताच समोरचा माणूस शोधणे थांबवतो आणि सावध होतो. कागद पुढे ठेवावा आणि गप्प राहावे. त्यांना त्यांचे पत्रक उघडू द्यावे. गुण पत्रकात सापडले तर ते अधिकृत नोंदीत कोण भरणार, सर स्वतः की परीक्षा विभाग, हे विचारावे, आणि कोणत्या दिवशी भरणार हेही विचारावे. ‘बघतो’ हे उत्तर पुरेसे मानू नये. ‘सर, मुदत अमुक तारखेला संपते, तर मी आदल्या दिवशी येऊन पाहू का?’ असे नम्रपणे, पण तारीख घेऊनच विचारावे. होय, ईमेलमध्ये लिहिली असली तरी पुन्हा तोंडाने सांगावी. ईमेलचे शेवटचे वाक्य वाचलेले असतेच असे नाही.

उत्तरपत्रिकाच सापडली नाही तर आवाज चढवण्यात काही हशील नाही. अशा वेळी त्या दिवशीच्या हजेरीपत्रकावरची तुमची सही हा सर्वांत भक्कम पुरावा असतो, आणि ते पत्रक प्राध्यापकांकडे नसून परीक्षा विभागाकडे असते. उत्तरपत्रिका गठ्ठ्यांत मोजून येतात-जातात, त्यामुळे हजर विद्यार्थी आणि जमा उत्तरपत्रिका यांचा आकडा जुळतो का, हे त्या विभागालाच तपासता येते. तशी विनंती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ‘सरासरीने गुण देऊ’ किंवा ‘पुन्हा परीक्षा द्या’ असे कोणी सुचवले तर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. हे कोणत्या नियमाखाली, ते लेखी मागावे. हा तपास चालू असताना मुदत थांबते असे समजू नये. ती थांबत नाही. म्हणून अर्ज मुदतीच्या आत दिला होता हे दाखवणारी तारीख पोचेवर असलीच पाहिजे, मग निकाल लागायला महिना का लागेना.

भेट संपली की त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवावा: काय सापडले, कोण काय करणार, कधी करणार, आणि आभार.

ठरलेल्या दिवशी अधिकृत नोंद स्वतः उघडून पाहावी, कोणाच्या सांगण्यावर राहू नये. गुण आले असतील तर एकूण बेरीज, श्रेणी आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णचा शेराही बदलला का ते पाहावे. गुण येतात आणि शेरा जुनाच राहतो, असेही होते. आले नसतील तर आता विभागप्रमुखांकडे जावे, सगळे ईमेल छापून तारखांच्या क्रमाने लावून न्यावेत आणि तिथेही मुदतीचा दिवस पहिल्याच वाक्यात सांगावा. मुदत टळलीच असेल तर प्राध्यापकांचे लेखी निवेदन, विभागप्रमुखांची शिफारस आणि समितीपुढे अर्ज, हा लांबचा रस्ता उरतो. त्यासाठी समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारावे, आणि त्या बैठकीसाठी अर्ज कधीपर्यंत घेतात तेही विचारावे, कारण तिथेही एक मुदत असतेच.

छापील गुणपत्रिका आधीच हातात आली असेल तर दुरुस्त प्रत मागावी. जुनी जमा करायला सांगतील. देण्याआधी तिची छायाप्रत काढावी.