सांडपाण्यासाठी बोरूचा वाफा कसा करायचा (आणि पहिल्या पावसाळ्यात तो कसा जगवायचा)

बोरू कसाही लावला तरी येतो असं जो सांगतो त्यानं तो फक्त नाल्याच्या कडेला उभा असलेला बघितलेला असतो. तिथं तो वर्षानुवर्षं मुळं पसरून बसलेला आहे, त्याला काही होत नाही. तुम्ही घरचं सांडपाणी साफ करायला खड्डा खणून, खडी भरून, अर्ध्या हाताचा तुकडा लावणार, ती गोष्टच वेगळी.

आधी झाड ओळखा. बोरू म्हणजे देवनळ, शास्त्रीय नाव फ्रॅग्मायटिस, पोकळ पेरांचा, दहा-बारा फूट वाढणारा आणि वर झुपकेदार तुरा येणारा. लांबट तपकिरी कणसं येतात ते पाणकणीस, आणि जांभळट फुलांची ती बेशरम, ती तर वाफ्यात चुकूनही आणू नका. पैठणच्या नाथसागराच्या उथळ कडांना किंवा गावतळ्याच्या मागच्या बाजूला असलं दाट बेट दिसलं तर थोडं थांबून बघा. आत वटवटे आणि पाणकोंबड्या दडलेल्या असतात, वाहून आलेला गाळ तिथंच अडकतो आणि लाटांनी काठ ढासळत नाही. घाण अडवायचं हेच काम आपण अंगणात करून घेणार आहोत.

पाणी साफ बोरू करतो असं लोक म्हणतात, पण खरं काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. बोरूच्या पोकळ दांड्यातून हवा खाली जाते आणि मुळांभोवती थोडा प्राणवायू मिळतो, बाकी भागात तो नसतो, आणि या दोन्ही तऱ्हेच्या जागा शेजारी-शेजारी असल्यामुळं घाण कुजून संपते आणि नायट्रोजनही कमी होतो. हे नीट डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या दांड्यातल्या हवेवर आहे.

खड्डा: मोरीच्या आणि भांड्याच्या पाण्यासाठी माणशी 1 ते 2 चौरस मीटर धरा. पाच माणसांच्या घराला 14 फूट लांब, 6 फूट रुंद, अडीच फूट खोल पुरतो. तळाला बाहेरच्या टोकाकडं दीड-दोन इंच उतार द्या. संडासाचं पाणी यात आणू नका.

आपल्या काळ्या मातीत तळाला प्लास्टिकचा कागद घातल्याशिवाय वाफा करूच नका. उन्हाळ्यात माती भेगाळली की पाणी खाली निघून जातं आणि शेजारी बोअर असेल तर थेट तिकडं. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद घ्या, ताडपत्री नको, बोरूचा जमिनीतला कोंब अणकुचीदार असतो, पातळ प्लास्टिक भेदून बाहेर येतो.

खडी 10 ते 20 मिलिमीटरची, दोन फूट भरा, दोन्ही टोकांना मोठे दगड. क्रशरवरची खडी धुतल्याशिवाय टाकायची नाही, तिच्या डस्टनं वर्षभरात वाफा तुंबतो. वाफ्याच्या आधी तेल आणि खरकटं अडवायला छोटी दोन कप्प्यांची टाकी.

आता लावणी आणि पाण्याची लेव्हल. सगळे वाफे इथंच मरतात, माझाही जीव पहिल्या वेळी इथंच टांगणीला लागला होता. बी टाकू नका, ते पाण्याखाली रुजत नाही. जून-जुलैत जुन्या बेटातून जमिनीतली जाड मुळी काढा, दोन-तीन डोळ्यांचे अर्ध्या हाताचे तुकडे करा, काढल्या दिवशीच लावा. दीड फुटावर एक, तिरपा, आणि वरचं टोक खडीच्या बाहेर राहिलंच पाहिजे. ते टोक म्हणजे त्याचं नाक, ते पाण्यात बुडलं की खाली मुळी कुजायला लागते, काढून बघितली तर पांढरी-टणक असायच्या ऐवजी तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी.

म्हणून बाहेरच्या पाईपला फिरणारा एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकडा जोड, बसवा, फिक्स पाईप बसवून देतो म्हणणाऱ्या प्लंबरचं अजिबात ऐकू नका. एल्बो उभा केला की वाफ्यातलं पाणी चढतं, आडवा केला की उतरतं. सुरुवातीला पाणी खडीच्या वरच्या थरापासून एक इंच खाली ठेवा, तेही साधं पाणी, सांडपाणी हळूहळू वाढवत न्या. कोंब फूटभर झाले की दर दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल तीन-चार इंच उतरवा म्हणजे मुळं पाण्यामागं खाली जातात, तळाजवळ पोचली की पुन्हा खडीच्या दोन-तीन इंच खाली आणून तिथंच ठेवा. खडीवर पाणी दिसायला नको, दिसलं की डास आले. तण मारायला वाफा पाण्यानं भरा असा सल्ला सगळीकडं मिळतो, पण कोंब लहान असताना असं केलं तर तणाच्या आधी बोरू जातो, पहिल्या वर्षी हराळी हातानंच उपटा. मोठा पाऊस येणार असेल तर एल्बो आडवा करून ठेवा आणि वाफ्याभोवती वीतभर उंच बांध घाला, अंगणातलं पाणी आत यायला नको. उन्हाळ्यात उलटं, बोरू भयंकर पाणी पितो, तर लग्नाला चार दिवस गावाला जाताना वाफा भरून एल्बो उभा करून जा.

बाहेर पडणारं पाणी मोसंबीला, पेरूला, शेवग्याला द्या, पिण्याला नाही आणि कच्च्या खायच्या भाजीलाही नाही. फरशीचं ॲसिड मोरीत ओतू नका, जिवाणू मरतात.

छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, दांडे वाळल्यावर, खडीच्या वर वीतभर खुंट ठेवून. वाळका खुंटसुद्धा आत हवा नेतो, पाण्याखाली कापला तर मुळी गुदमरते. गावतळ्यातला बोरू आवरायचा असेल तेव्हा मात्र हाच उपाय, पण बेट सगळं कापू नका आणि पावसाळ्यात तर दांडे कापूच नका, सुगरणी आणि मुनिया घरटी करतात. कापलेले दांडे जाळायचे नाहीत, ताट्या करा नाहीतर मोसंबीच्या आळ्यात आच्छादन टाका. आणि उरलेली मुळी ओढ्याकाठी फेकून देऊ नका, तिथं ती पसरली की आवरत नाही, उन्हात पूर्ण वाळवूनच टाका.