डिजिटल चित्रकलेसाठी स्वस्त सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

एलिमेंटरी-इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेली मुले सदाशिव पेठेतील माझ्या शिकवणीला येतात, तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर बहुधा कोणीतरी पेनड्राइव्हवरून दिलेले फोटोशॉप असते. अधिकृत फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवरच मिळतात आणि नवशिक्याला तो खर्च जड जातो, हे खरे. पण 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे बजावणारी चोरीची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर घेणे त्याहून महागात पडते.

दुसरी चूक म्हणजे मोफत आहे एवढ्यावरच कोणतेही सॉफ्टवेअर घेणे. गिंप मुख्यतः छायाचित्रांच्या दुरुस्तीसाठी आहे. इंकस्केपमध्ये बोधचिन्हे आणि अक्षरे उत्तम होतात, कारण तिथली आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. ब्रशने रंगवायचे असेल, तर मी क्रिता सुचवतो (स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू). स्टीम या ऑनलाइन दुकानावर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याला किंमत मोजावी लागते, पण तेच सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळते, हे ठाऊक नसल्याने अनेकजण विनाकारण पैसे भरतात.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो मात्र सॉफ्टवेअरला नसता दोष देण्यात. गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी तीन सॉफ्टवेअर बदलून माझ्याकडे आली. टॅब्लेटवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या चित्रकलेच्या पाटीवर, पेन कितीही दाबले तरी रेघ एकाच जाडीची उमटत होती. तिने टॅब्लेटचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला टॅब्लेटची ओळख करून देणारा प्रोग्रॅम) टाकलाच नव्हता, आणि तो टाकल्यावरही रेघ तशीच राहिली. मग क्रिताच्या सेटिंग्जमध्ये 'कॉन्फिगर क्रिता' उघडून 'टॅब्लेट सेटिंग्ज'मध्ये विनटॅबऐवजी विंडोज इंकचा पर्याय निवडला (पेनचा दाब प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवण्याच्या या दोन पद्धती), प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, आणि गणपतीच्या सोंडेची रेघ टोकाशी बारीक होत गेली. काही टॅब्लेटना याच्या नेमका उलटा बदल मानवतो, म्हणून दोन्ही पर्याय करून पाहावेत. त्याच पानावरच्या टॅब्लेट टेस्टरमध्ये दाब पोहोचतो की नाही, हे लगेच दिसते.

ब्रश हाताच्या मागे रेंगाळू लागला, तर आधी कॅनव्हासचे माप तपासावे. ए-४ आकार ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल होतो आणि पूर्ण रंगवलेला एक लेअर (चित्राचा एकावर एक ठेवायचा थर) सुमारे ३५ एमबी मेमरी घेतो. हौसेने ६०० डीपीआय ठेवले, की हाच आकडा चौपट, म्हणजे १४० एमबी होतो, आणि असे वीस लेअर ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपला पेलत नाहीत. सराव १५० डीपीआयवर करावा. छपाईचे चित्र मात्र पहिल्यापासून ३०० वर काढावे, कारण मागाहून आकडा वाढवल्याने नसलेला तपशील येत नाही. आणि प्रेसला पीएनजी किंवा टिफ दिली, तरी क्रिताची स्वतःची, लेअरसहितची केआरए फाइल स्वतःजवळ ठेवावी.