नवी लादी बसवण्याआधी कोब्यावरचा जुना गोंद कसा काढावा

जुनी व्हिनाइल किंवा कार्पेट उचलल्यावर कोब्यावर जो गोंद उरतो, तो अनेक गवंडी वरवर खरवडून त्यावरच नवी लादी बसवतात. हे टाळावे. लादीचे सिमेंटयुक्त अ‍ॅडहेसिव्ह काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरून पकड घेते आणि गोंदाचा पातळ थरही ती छिद्रे बुजवून ठेवतो. मग काही काळाने लादी पोकळ वाजू लागते. म्हणून जमीन नुसती स्वच्छ दिसून भागत नाही, तिने पुन्हा पाणी शोषले पाहिजे.

आधी गोंद ओळखावा. पिवळसर किंवा मळकट पांढरा गोंद बहुधा पाण्यात मिसळणाऱ्या प्रकारचा असतो. एका कोपऱ्यात गरम पाण्यात भिजवलेले फडके पंधरा-वीस मिनिटे ठेवले की तो मऊ पडतो आणि पात्याखाली गुंडाळ्या होऊन निघतो. जुन्या घरांत डांबरासारखा काळा थर सापडला, तर मात्र थांबावे. अशा गोंदात आणि त्यावरच्या जुन्या फरशीतही अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास कर्करोग घडवू शकणारे खनिज तंतू, असू शकतो. तो कोरडा घासू नये, त्यावर ग्राइंडर चालवू नये आणि प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये.

खरवडण्यासाठी लांब दांड्याचे, रुंद पात्याचे स्क्रेपर घ्यावे आणि पाते जमिनीशी शक्य तितके तिरके, जवळजवळ आडवे धरावे. उभे धरले तर ते गोंदावरून उड्या मारते आणि कोब्याला चरे पाडते. पाते बोथट झाले की लगेच बदलावे, कारण अर्धी मेहनत बोथट पात्यामुळेच वाया जाते.

थिनर किंवा गोंद विरघळवणारी रसायने मला या कामासाठी पसंत नाहीत. ती गोंद पातळ करतात खरी, पण पातळ झालेला गोंद काँक्रीटच्या आत खोल झिरपतो आणि तेथून पुढे लादीची पकड बिघडवतो. शिवाय बंद खोलीत त्यांची वाफ विषारी आणि ज्वलनशील असते. आम्लाने तर असा गोंद निघतही नाही. उलट काँक्रीट खराब होते.

खरवडून जे उरते ते आणि घट्ट बसलेले सिमेंटचे जुने अ‍ॅडहेसिव्ह काढण्यासाठी ग्राइंडरला डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेले वाटीसारखे चाक) लावावे. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुफ्फुसांना कायमची इजा करते, म्हणून धूळ ओढून घेणारे आवरण आणि व्हॅक्यूम जोडावा, नाकावर एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क चढवावा आणि साधा रुमाल पुरेसा मानू नये. डोळ्यांना चष्माही हवाच.

धूळ पूर्ण काढल्यावर जागोजागी पाण्याचे थेंब टाकून पाहावे. थेंब पसरून काही मिनिटांत जमीन गडद झाली, तर छिद्रे मोकळी आहेत. थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला, तर तेथे गोंद अजून आहे आणि तेवढा भाग पुन्हा घासावा लागेल.

गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चिऱ्यांच्या भिंती आणि मातीच्या भरावावर घातलेला तळमजल्याचा कोबा जमिनीतली ओल वर खेचतो, आणि जुना गोंद निघाला की आजवर दबलेली ही ओल मोकळी होते. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) घर तयार व्हावे म्हणून जून-जुलैत हे काम काढण्याची घाई अनेकजण करतात. तसे न करता ते डिसेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत उरकावे. तरीही सुमारे दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून किमान 16 तास ठेवावा. उचलल्यावर खाली थेंब साचलेले किंवा काँक्रीट गडद झालेले दिसले, तर ओल अडवणाऱ्या एपॉक्सी प्रायमरचा थर द्यावा आणि तो ओला असतानाच त्यावर कोरडी, धुतलेली वाळू पेरावी, म्हणजे नव्या अ‍ॅडहेसिव्हला धरायला खडबडीत पृष्ठभाग मिळेल.