वेगवान रॉक लिक वाजवताना पिकच्या या चुका टाळा

गिटारवरची लिक, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, ८० बीपीएमला (मिनिटाला ८० ठोके) स्वच्छ निघते आणि १२०ला तार बदलताना अडखळते. मग मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या यंत्राचा) वेग खाली आणून तेच शंभर वेळा घोटलं जातं. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. संथ लयीत पिक (तार छेडायची छोटी पट्टी) उचलून पुढच्या तारेवर ठेवायला सवड असते, म्हणून स्ट्रोकचा (पिकने खाली-वर छेडण्याचा) कुठलाही क्रम खपून जातो. द्रुत लयीत ती सवड नसते.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. एकाच तारेवर एकच सूर १२०ला, ठोक्यात चार स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला आठ. हे जमत असेल तर हात पुरेसा वेगवान आहे. घोळ तार ओलांडण्यात आहे.

आता पाचव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) ए मायनर पेंटॅटॉनिक ही पाच सुरांची स्केल उतरत या: पहिल्या (सगळ्यात बारीक) आणि दुसऱ्या तारेवर ८-५, म्हणजे आधी आठवा फ्रेट, मग पाचवा; तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर ७-५. डाऊनस्ट्रोकने (जमिनीकडे) सुरुवात केली की प्रत्येक तार अपस्ट्रोकवर (वरच्या दिशेने) सुटते. पिकची चिमटीतली बाजू जमिनीकडे जराशी कलती धरा. अपस्ट्रोक आपोआप तारांमधून बाहेर निघतो आणि पुढची तार मोकळी सापडते. हीच लिक अपस्ट्रोकने सुरू करून बघा: पिक तारांच्या मध्ये रुतून बसतं आणि निघताना नुकतीच वाजवलेली तार पुन्हा खरवडतं. बोटं तीच, सूर तेच, फरक फक्त पहिल्या स्ट्रोकचा. सतारीवर दा-रा हे आघातांचे बोल आधी बसवतात. गिटारवरही टॅबखाली (तार आणि फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लेखनाखाली) प्रत्येक सुराचा स्ट्रोक लिहून मगच वाजवायला घ्या.

तारेवर तीन सूर आले की हिशेब बिघडतो, कारण एक तार डाऊनवर सुटते आणि पुढची अपवर. बारीक तारांकडे जाताना डाऊन-अप-डाऊन वाजवून तोच डाऊनस्ट्रोक पुढच्या तारेवर घसरू द्या. जाड तारांकडे परतताना डाऊन, अप आणि तिसरा सूर पुल-ऑफने (पिकशिवाय, दाबलेलं बोट तारेवरून ओढून सोडत). स्वीडिश गिटारवादक यंग्वे माल्मस्टीनच्या वादनात ही जोडी भरपूर आढळते. घसरता स्ट्रोक हमखास लवकर पडतो, तेवढी जागा मेट्रोनोमवर तपासा.

पाच किंवा सात सुरांची लिक फिरवत असाल तर दुसऱ्या फेरीत सगळे स्ट्रोक उलटे होतात. एक सूर हॅमर-ऑन (पिकशिवाय, तारेवर बोट आपटून) किंवा पुल-ऑफने काढा, म्हणजे पिकचे स्ट्रोक सम राहतात आणि प्रत्येक फेरी डाऊनवरच येते.

क्रम ठरला की पूर्ण लिक नको. पाच-सहा सूर आणि पुढच्या तारेचा पहिला सूर, एवढाच तुकडा ठरलेल्या वेगात झटक्यात वाजवा, दोन ठोके थांबा, पुन्हा. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद ठेवा. चुकलेले स्ट्रोक त्यात लपतात. पिक १ मिमी किंवा त्याहून जाड असावं, आणि तारेत त्याचं फक्त टोक जावं.