टर्मिनलवरून निरोप पोहोचत नाही? ‘राइट’ आणि ‘वॉल’ वापरताना या चुका टाळा

एकाच लिनक्स सर्व्हरवर बरेच जण काम करत असताना “तुझा जॉब थांबव, मेमरी संपतेय” एवढंच कळवायला ‘राइट’सारखी सोपी कमांड नाही. नेहमीच्या चुका मात्र तिला निकामी करतात.

निरोप धाडण्याआधी कोण लॉगिन आहे ते दाखवणारी ‘हू’ कमांड कॅपिटल टीचा पर्याय (-T) जोडून चालवा. ‘लॅब२ + पीटीएस/४’ (युजर, चिन्ह, टर्मिनल) अशी ओळ दिसली तर अधिक चिन्ह म्हणजे निरोप चालतील, उणे म्हणजे बंद. समोरच्याने तीन टर्मिनल उघडले असतील तर ‘राइट’ त्यातलं सर्वात कमी वेळ निष्क्रिय असलेलं निवडते. ठरावीक खिडकी हवी असेल तर युजरच्या नावापुढे पीटीएसचा नंबरही द्या. ‘हू’च्या यादीत नावच नसेल, तर तो युजर वेगळ्या लॉगिन नोडवर (लॉगिन करायच्या दुसऱ्या मशिनवर) असू शकतो. काही ग्राफिकल टर्मिनल लॉगिनची नोंदच करत नाहीत.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे निरोप संपवणारं कंट्रोल-डी न दाबणं. एंटर दाबला की ओळ लगेच जाते. निरोप झाला असं समजून तुम्ही पुढची कमांड किंवा पासवर्ड टाइप केलात, तर तोही समोरच्याच्या पडद्यावर उमटतो.

निरोप चालू-बंद करणाऱ्या ‘मेसग’ कमांडने स्वतःला येणारे निरोप बंद ठेवले असतील तर उत्तर येणार नाही, तेव्हा आधी ते चालू करा. व्हिम हा एडिटर उघडा असताना निरोप आला आणि पडदा विस्कटला, तर कंट्रोल-एल दाबा. फाइलला काही होत नाही.

सगळं तपासूनही परवानगी नाकारली जात असेल तर कारण सिस्टिममध्येच असू शकतं. मार्च २०२४ मध्ये ‘वॉल’ या सर्वांना एकदम निरोप धाडणाऱ्या कमांडमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली. त्यानंतरच्या अपडेटमध्ये डेबियन या लिनक्स प्रकाराने ‘वॉल’ आणि ‘राइट’ या दोन्हींचा, इतरांच्या टर्मिनलवर लिहू देणारा, टीटीवाय ग्रुपचा सेट-जीआयडी अधिकार काढला. अशा वेळी टर्मिनलची डिव्हाइस फाइल सगळ्यांना लिहिण्यासाठी खुली करू नका. मग कोणीही तुमच्या पडद्यावर हवे ते कंट्रोल कोड (टर्मिनलला आज्ञा देणारे छुपे संकेत) सोडू शकतो. निरोप खरंच सर्वांसाठी असेल तर ॲडमिनला रूटमधून (सर्वाधिकार असलेल्या खात्यातून) ‘वॉल’ चालवायला सांगा. रूटला ‘मेसग’ची आडकाठी नसते. सर्व्हर बंद करायचा असेल तर तेही नको. ‘शटडाउन’ला मिनिटं आणि मजकूर दिला की लॉगिन असलेल्यांना सूचना तीच पाठवते.